टिश्यू सेक्शनवर मोनोक्लोनल अँटिबॉडी: खान्देशातल्या उन्हाळ्यातही रंग नीट चढावा म्हणून

जळगाव, धुळे, नंदुरबार, शिरपूर इथल्या फार्मसी, लाइफ सायन्स आणि पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने टिश्यूतलं प्रथिन शोधून ते रंगाने दाखवणं) करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: "अँटिबॉडी चालत नाही." कुपी महाग असते, म्हणून संशय आधी तिच्यावर जातो. पण बिघाड सहसा त्याच्या बराच आधी झालेला असतो. कधी फॉर्मॅलिनमध्ये, कधी चुकीचा क्लोन (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा ठरावीक वंश) मागवताना, कधी कोरड्या पडलेल्या स्लाइडवर. म्हणून या लेखात अँटिबॉडी स्लाइडवर घालण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी प्रथिन घेतलं आहे केआय-६७. पेशी विभाजनाच्या चक्रात असेल तर ते केंद्रकात सापडतं, विश्रांतीच्या अवस्थेत सापडत नाही. टिश्यू विस्टार जातीच्या रॅटचा, पॅराफिन (मेण) ब्लॉकमधला. रंग डॅबचा (पेरॉक्सिडेज या एन्झाइममुळे रंगणारं रसायन), म्हणजे तपकिरी; बाकी केंद्रकं शेवटी निळी रंगवतात. दुसरं प्रथिन असेल तर क्लोन, बफर आणि कंट्रोल बदलतील, क्रम हाच राहील.

टप्पा १: ऑर्डर देण्याआधी क्लोन तपासा

मोनोक्लोनल अँटिबॉडी प्रथिनाचा एकच छोटा तुकडा ओळखते. तो तुकडा माणसात आणि रॅटमध्ये सारखा नसेल, तर माणसावर उत्तम चालणारी अँटिबॉडी रॅटच्या टिश्यूवर काहीच दाखवणार नाही. केआय-६७ साठी सगळ्यात प्रसिद्ध क्लोन एमआयबी-१. तो माणसाच्या टिश्यूसाठी आहे. रॅटसाठी एमआयबी-५ वापरतात. सशापासून बनवलेला एसपी६ हा क्लोन माणूस, माउस आणि रॅट तिन्हींवर चालतो. पॅथॉलॉजीच्या ओळखीच्या लॅबमधून उरलेली एमआयबी-१ आणून रॅटवर वापरली, तर पुढे सगळं बरोबर केलं तरी स्लाइड निळीच राहील.

माहितीपत्रकात चार गोष्टी शोधा. क्लोनचं नाव. कुठल्या प्राण्यापासून बनवली. कुठल्या प्रजातीवर चालते. आणि पॅराफिन सेक्शनवर चालते असं स्पष्ट लिहिलंय का. फक्त "वेस्टर्न ब्लॉट" (टिश्यूतून काढलेली प्रथिनं जेलवर वेगळी करून ओळखण्याची पद्धत) लिहिलं असेल तर घेऊ नका. वेस्टर्नमध्ये प्रथिन उलगडलेलं असतं, सेक्शनमध्ये फॉर्मॅलिनने जखडलेलं. एकीकडे चाललेली अँटिबॉडी दुसरीकडे चालेलच असं नाही.

दुसरा फास असा: माउसपासून बनवलेली अँटिबॉडी माउसच्याच टिश्यूवर घातली, तर दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या, म्हणजे प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून रंग आणणारी) टिश्यूतल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही, म्हणजे अँटिबॉडींनाही, चिकटते आणि सगळं तपकिरी होतं. रॅटचं इम्युनोग्लोब्युलिन माउसच्या इतकं जवळचं आहे की तिथेही हा त्रास होतो. माउसची अँटिबॉडी रॅटवर वापरायचीच असेल, तर रॅटच्या प्रथिनांवर शोषून शुद्ध केलेली दुय्यम अँटिबॉडी मागवा. ससा-मोनोक्लोनल घेतली तर ही कटकट टळते. रॅट-माउसवर काम करणाऱ्यांनी, पर्याय असेल तिथे, सशाचीच घ्यावी असं आमचं मत आहे.

टप्पा २: पार्सल, फ्रिज आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मुंबई-पुण्याहून निघालेलं पार्सल शनिवारी पोहोचलं आणि सोमवारपर्यंत कुरियरच्या गोदामात पडलं, तर जेलपॅक कधीच वितळलेले असतात. पुरवठादाराला सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगा. जमलं तर ऑर्डर मार्चच्या आत उरका. पार्सल उघडताच जेलपॅक थंड आहेत का ते बघा, फोटो काढा, आणि गरम असतील तर त्याच दिवशी लेखी कळवा.

कुपी उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, कारण झाकणाला लागलेले थेंबही किमती असतात. व्होर्टेक्स करू नका. साठवण पत्रकात लिहिल्याप्रमाणेच. २ ते ८ अंश लिहिलं असेल तर गोठवू नका. उणे २० लिहिलं असेल तर एकदाच लहान भाग करून ठेवा, एका भागात १० मायक्रोलिटरपेक्षा कमी नको. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं टाळा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर या कामाला चालत नाही, त्याचं तापमान सारखं वरखाली होतं.

सावध: कुपी फ्रिजच्या दारात ठेवू नका. आतल्या कप्प्यात, थर्मोकोलच्या डब्यात जेलपॅकसोबत ठेवा आणि शेजारी कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा. वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही. सकाळी आल्यावर आधी कमाल आकडा वहीत लिहा.

टप्पा ३: फॉर्मॅलिन

इथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, एक लिटरसाठी:
- फॉर्मॅल्डिहाइड द्रावण (३७ ते ४० टक्के): १०० मिली
- डिस्टिल्ड पाणी: ९०० मिली
- सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट: ४ ग्रॅम
- डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, निर्जल: ६.५ ग्रॅम

पीएच ७ ते ७.४ च्या दरम्यान आहे का ते मीटरवर पाहा. बाटलीतलं फॉर्मॅलिन बोअरच्या पाण्यात दहापट पातळ करून वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडा. बफर नसलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि प्लीहा, यकृत अशा रक्ताळ टिश्यूंत तपकिरी-काळे कण बसवतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते कण डॅबसारखे दिसतात. अँटिबॉडी न घातलेल्या स्लाइडवरही तसेच कण दिसले, तर दोष फॉर्मॅलिनचा.

प्राण्याच्या मृत्यूनंतर टिश्यू लगेच काढा. तासाभराच्या आत तो फॉर्मॅलिनमध्ये गेलाच पाहिजे. उन्हाळ्यात पंख्याखालच्या खोलीत दहा मिनिटंही पुष्कळ होतात, म्हणून तोवर बर्फावर, सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये ठेवा. तुकड्याची जाडी ३ ते ४ मिमी, त्याहून जास्त नको. फॉर्मॅलिन टिश्यूच्या आकारमानाच्या किमान दहापट, वीसपट असेल तर उत्तम. वेळ २४ तास, खोलीच्या तापमानाला. फॉर्मॅलिन आत तासाला साधारण मिलिमीटरभरच शिरतं आणि प्रथिनं जखडायला त्यानंतरही वेळ लागतो. अख्खं मूत्रपिंड बाटलीत टाकून सोमवारी काढलं, तर कडा जास्त पक्क्या आणि गाभा कुजलेला मिळतो. सुट्टी आडवी येत असेल तर २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

हाड असेल तर ते मऊ करायला नायट्रिक आम्ल नको. ईडीटीए, पीएच ७.२ ते ७.४. आठवडे लागतात, पण प्रथिन वाचतं.

याच वेळी कंट्रोलची, म्हणजे पद्धत चालली की नाही हे दाखवणाऱ्या टिश्यूची, सोय करा. कंट्रोल गटातल्या (औषध न दिलेल्या) रॅटच्या लहान आतड्याचा तुकडा घ्या, आतून फॉर्मॅलिनने लगेच धुवा (आतडं फार लवकर कुजतं) आणि बाकी टिश्यूंसोबत तितकाच वेळ फिक्स करा. क्रिप्टच्या (आतड्याच्या अस्तरातल्या खळग्याच्या) तळाशी पेशी सतत विभागत असतात, विलसच्या (बोटासारख्या उंचवट्याच्या) टोकाला विभागत नाहीत. म्हणजे एकाच सेक्शनमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही मिळतात. विकतचं कंट्रोल यापेक्षा चांगलं नसतं, कारण त्याचं फिक्सेशन तुमच्यासारखं झालेलं नसतं.

टप्पा ४: ब्लॉक आणि सेक्शन

पॅराफिन ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. एप्रिल-मेमध्ये ब्लॉक मऊ होऊन सेक्शन चुरगळतात, म्हणून कापण्याआधी ब्लॉक बर्फाच्या लादीवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि दर काही सेक्शननंतर पुन्हा ठेवा. जाडी ३ ते ४ मायक्रॉन. वॉटर बाथ ४२ ते ४५ अंश, त्यात डिस्टिल्ड पाणी. जिलेटिन किंवा अंड्याचं अल्ब्युमिन घालू नका, त्यांचा थर पार्श्वभूमी रंगवतो.

साध्या काचेवर सेक्शन टिकत नाही. पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या किंवा पॉली-एल-लायसिन लावलेल्या स्लाइड घ्या. रात्रभर ३७ अंशांवर किंवा तासभर ६० अंशांवर वाळवा. लागतील तेवढेच सेक्शन कापा. महिनोन्महिने पडलेल्या सेक्शनमधलं प्रथिन अँटिबॉडीला ओळखू येईनासं होतं. ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

टप्पा ५: मेण काढणे आणि अँटिजेन रिट्रीव्हल

झायलीन ५ मिनिटं, तीन वेळा. निव्वळ अल्कोहोल ३ मिनिटं, दोन वेळा. मग ९५ टक्के, ७० टक्के, डिस्टिल्ड पाणी. झायलीन आठवड्याला किती स्लाइडसाठी वापरलं ते बरणीवर लिहा. जुन्या झायलीनमुळे राहिलेलं मेण सेक्शनवर रंग न चढलेले चट्टे ठेवतं.

इथून पुढे, कव्हरस्लिपपर्यंत, स्लाइड एकदाही कोरडी पडता कामा नये.

फॉर्मॅलिनने जखडलेलं प्रथिन गरम बफरमध्ये मोकळं होतं. दोन बफर तयार ठेवा, एक लिटरची मापं अशी:
- सायट्रेट, पीएच ६: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम. पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने ६.० वर आणा. ट्वीन-२० अर्धा मिली.
- ट्रिस-ईडीटीए, पीएच ९: ट्रिस बेस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम. पीएच ९.० करा. ट्वीन-२० अर्धा मिली.

बफरसाठी बोअरचं पाणी नको, बॅटरीसाठी दुकानात मिळतं ते पाणीही नको. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम हे फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये गाळ बनवतं आणि पीएच हलवतं.

वॉटर बाथ असेल तर बफर आधी ९५ ते ९८ अंशांवर आणा, मग स्लाइड टाकून २० मिनिटं. कुकर असेल तर स्टीलचा घ्या. बफर उकळला की स्लाइड टाका, झाकण लावा, पूर्ण दाब आल्यापासून ३ मिनिटं मोजा. मायक्रोवेव्हमध्ये जोरात उकळी येऊन सेक्शन सुटतात. शिवाय मध्येच वीज गेली की तो रन बादच, कारण अर्धवट रिट्रीव्हल झालेली स्लाइड कुठल्याच गटाशी तुलना करायच्या लायकीची नसते. गॅसवरचा कुकर आपल्याकडे जास्त भरवशाचा.

गरम झाल्यावर स्लाइड त्याच बफरमध्ये निवू द्या. २० ते ३० मिनिटं, उन्हाळ्यात जास्त लागतील. घाईने नळाखाली धरू नका, सेक्शन सुटून जातो.

टप्पा ६: ब्लॉकिंग

टिश्यूतलं मूळचं पेरॉक्सिडेज बंद करायला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिनिटं. ३० टक्क्यांचं १ मिली अधिक पाणी ९ मिली, त्याच दिवशी बनवलेलं. पेरॉक्साइड उष्णतेत विघटित होतं, म्हणून उघड्या कपाटातली जुनी बाटली बहुधा निकामी असते. तपासायला तयार द्रावणाचा थेंब कापलेल्या बटाट्यावर टाका. बुडबुडे आले नाहीत तर बाटली बदला. ही पायरी फसली की लाल रक्तपेशी तपकिरी होतात.

मग फॉस्फेट बफर सलाइन, ०.०५ टक्के ट्वीन-२० घालून, ५ मिनिटं तीन वेळा. हायड्रोफोबिक पेनने सेक्शनभोवती वर्तुळ काढा. दुय्यम अँटिबॉडी ज्या प्राण्याची त्याच प्राण्याचं ५ टक्के सिरम, बहुधा शेळीचं, ३० मिनिटं. नंतर धुवायचं नाही, फक्त झटकायचं.

सावध: धुण्याच्या बफरमध्ये सोडियम अझाइड नको. ते पेरॉक्सिडेजचं काम थांबवतं आणि रंग येत नाही.

टप्पा ७: अँटिबॉडीचं प्रमाण ठरवा, मग अभ्यासाच्या स्लाइड

पत्रकातलं प्रमाण ही सुरुवात असते. तुमच्या फिक्सेशनला योग्य प्रमाण तुम्हालाच शोधावं लागतं, आणि ते आतड्याच्या कंट्रोल सेक्शनवर शोधायचं. अभ्यासाचे सेक्शन त्यासाठी खर्चू नका.

पाच नळ्या घ्या. पहिलीत ८ मायक्रोलिटर अँटिबॉडी आणि ३९२ मायक्रोलिटर डायल्यूअंट (पातळ करण्याचं द्रावण), म्हणजे १:५०. बाकी चार नळ्यांत २०० मायक्रोलिटर डायल्यूअंट. पहिलीतून २०० दुसरीत, हलक्या हाताने मिसळून तिथून २०० तिसरीत, असं शेवटपर्यंत. मिळतात १:५०, १:१००, १:२००, १:४००, १:८००. हे पाचही दोन्ही रिट्रीव्हल बफरवर, म्हणजे दहा स्लाइड. शिवाय प्रत्येक बफरसाठी प्राथमिक अँटिबॉडीविना एक. एकूण बारा. पहिला रन एवढाच.

निवड करताना सगळ्यात गडद स्लाइड निवडण्याचा मोह आवरा. क्रिप्टची केंद्रकं स्पष्ट तपकिरी आणि विलसची टोकं स्वच्छ निळी, हे दोन्ही एकत्र जिथे दिसतं ते प्रमाण तुमचं.

प्रमाण ठरलं की आयसोटाइप कंट्रोल घ्या: त्याच प्राण्याचं, त्याच प्रकारचं, पण लक्ष्य नसलेलं इम्युनोग्लोब्युलिन. ते तितक्याच मायक्रोग्रॅममध्ये घालायचं, तितक्याच पट पातळ करून नाही. कुपीत मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम असेल आणि तुम्ही १:२०० वापरत असाल, तर अंतिम प्रमाण मिलिलिटरला २.५ मायक्रोग्रॅम. आयसोटाइपही २.५ वरच.

प्रत्येक सेक्शनवर १०० ते २०० मायक्रोलिटर, पूर्ण झाकलं जाईल इतकं. पत्रकात "खोलीच्या तापमानाला एक तास" लिहिलेलं असतं. ती खोली २० ते २५ अंशांची. आपल्याकडे एप्रिलमधल्या दुपारची खोली ती नव्हे. एसी नसेल तर ४ अंशांवर रात्रभर ठेवा. ते जास्त एकसारखंही येतं.

ओलावा पेटी साधी चालते: झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, तळाशी ओला टिश्यू पेपर, वर दोन काचेच्या नळ्यांवर स्लाइड. डबा समपातळीत हवा. तिरका असेल तर द्रावण एका कडेला जमतं आणि अर्धा सेक्शन फिका राहतो. खान्देशातल्या कोरड्या हवेत उघडी स्लाइड काही मिनिटांत सुकते, म्हणून स्लाइड भरताना पंखा बंद आणि कूलरचा झोत दुसरीकडे. सेक्शनच्या कडेने तपकिरी पट्टा आणि मध्य स्वच्छ दिसला, तर कडा सुकल्या होत्या असंच समजा. तो भाग मोजू नका.

टप्पा ८: दुय्यम अँटिबॉडी आणि डॅब

धुणं पुन्हा ५ मिनिटं तीन वेळा. पॉलिमरला जोडलेली दुय्यम अँटिबॉडी आणि पेरॉक्सिडेज वापरा, ३० मिनिटं. बायोटिनवर आधारलेली जुनी पद्धत यकृत आणि मूत्रपिंडात फसवते, कारण तिथे मूळचंच बायोटिन भरपूर असतं.

डॅब वापरायच्या वेळीच बनवा, किटच्या पत्रकातल्या प्रमाणात. कंट्रोल स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरून रंग येताना बघा आणि घड्याळ लावा. साधारण १ ते १० मिनिटांत रंग येतो. क्रिप्ट स्पष्ट झाले तो क्षण नोंदवा आणि बाकी सगळ्या स्लाइडना तेवढाच वेळ द्या, एका सेकंदाचीही सवलत नको.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गरम खोलीत डॅबची प्रतिक्रिया वेगाने होते. कंट्रोल गट जानेवारीत आणि औषध दिलेला गट मेमध्ये रंगवला, तर दिसणारा फरक औषधाचा की हवामानाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. तुलनेचे सगळे गट एकाच दिवशी, एकाच बॅचमध्ये, एकाच बफरमधून रंगवा. एका दिवसात मावत नसतील, तर प्रत्येक बॅचमध्ये प्रत्येक गटाच्या स्लाइड ठेवा आणि सोबत तोच आतड्याचा ब्लॉक.

डॅब कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हातमोजे घाला, पावडर असेल तर मास्कही. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका आणि ब्लीचने "निकामी" करू नका, त्यातून बनणारी द्रव्यंही घातक असतात. वेगळ्या बाटलीत, लेबल लावून, घातक रसायनांच्या कचऱ्यात द्या.

टप्पा ९: निळा रंग आणि कव्हरस्लिप

मेयर्स हिमॅटॉक्सिलिन ३० सेकंद ते १ मिनिट. जास्त नको, केआय-६७ केंद्रकातच असतं आणि गडद निळ्याखाली फिकं तपकिरी बुडतं. निळं करायला मात्र आपलं जड, किंचित अल्कधर्मी बोअरचं पाणी चालतं. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, नाहीतर क्षार स्लाइडवर सुकतात. मग चढत्या क्रमाने अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारं माध्यम). डॅबऐवजी एईसी (लाल रंग देणारं रसायन) वापरलं असेल तर अल्कोहोल आणि झायलीन टाळा, तो रंग त्यात विरघळतो. त्याला पाण्यावर आधारलेलं माउंटिंग लागतं.

स्लाइड बघून दोष ओळखताना

आधी नेहमी आतड्याचा कंट्रोल बघा. तोही निळाच असेल तर दोष पद्धतीत आहे: डॅब, पेरॉक्सिडेज, अझाइड, रिट्रीव्हल, चुकीचा क्लोन, याच क्रमाने शोधा. डॅब तपासणं सोपं आहे. पॉलिमरचा थेंब आणि डॅबचा थेंब नळीत एकत्र करा, लगेच तपकिरी झालं पाहिजे.

कंट्रोल छान आणि अभ्यासाचा टिश्यू कोरा असेल, तर एकतर प्रथिन खरंच नाही, नाहीतर त्या टिश्यूचं फिक्सेशन वेगळं झालं. फिक्सेशनच्या नोंदी काढा.

प्राथमिक अँटिबॉडीविना असलेली स्लाइडही तपकिरी असेल, तर पेरॉक्साइड किंवा दुय्यम अँटिबॉडी. ती स्वच्छ आणि आयसोटाइप तपकिरी असेल, तर सिरमचं ब्लॉकिंग अपुरं किंवा प्रमाण जास्त. केंद्रकाऐवजी पेशीद्रव तपकिरी असेल तर तो केआय-६७ चा खरा सिग्नल मानू नका, टक्केवारीत धरू नका.

मोजणी आणि नोंद

कुठली क्षेत्रं मोजायची हे स्लाइड बघण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. स्लाइडवरचे गटाचे क्रमांक सहकाऱ्याकडून झाकून घ्या. प्रत्येक नमुन्यात ५०० ते १००० केंद्रकं मोजा. कॅमेऱ्याचा प्रकाश आणि एक्स्पोजर सगळ्या स्लाइडसाठी एकच.

वहीत आणि प्रबंधात क्लोनचं नाव, कंपनी, कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक, अंतिम प्रमाण, रिट्रीव्हलचा बफर आणि वेळ, डॅबचे सेकंद आणि त्या दिवशीचं खोलीचं तापमान, सगळं लिहा. नवा लॉट आला की जुना संपण्याआधीच दोन्ही एकाच दिवशी आतड्याच्या सेक्शनवर चालवून बघा. रंग जुळला नाही तर नव्या लॉटचं प्रमाण पुन्हा पाच नळ्यांनी ठरवा, आणि अर्ध्यावर आलेल्या अभ्यासात तो वापरू नका.